सहा खोकी, एक नवरा आणि मॉस्को–इर्कुत्स्क गाडी

रशियाला जायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, गरम कपडे किती न्यायचे? मला विचाराल तर आधी डॉक्टरांचं पत्र न्या, आणि त्याचं रशियन भाषांतर शिक्क्यासकट न्या. आम्ही दिल्लीहून सहा खोकी पाणी घेऊन गेलो होतो, म्हणून सांगते.

पाणी म्हणजे डायलिसिसचं. यांच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पोटात कायमची एक नळी बसवलेली. जुनं पाणी तिच्यातून बाहेर काढायचं, दोन लिटरची नवी पिशवी उंच टांगून त्यातलं पाणी आत सोडायचं, काही तास पोटात ठेवायचं, की पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून चार वेळा. आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये पडद्याच्या रॉडला कायमचा एक हूक होता आणि दिवाणाखाली खोकी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोकी वर आणणारा माणूस दर महिन्याला विचारायचा, "मैडम, अंकल ठीक कब होंगे?" त्याला यांच्याहून स्वतःच्या कमरेची काळजी जास्त.

ठीक व्हायचा उपाय घरातच होता. माझा ब्लडग्रुप जुळला, बाकीच्या चाचण्याही जुळल्या. लग्नात आमचे अठराच गुण जुळले होते, त्यावर पंचवीस वर्षं निघाली, त्या मानाने हा निकाल म्हणजे डिस्टिंक्शनच. मी म्हटलं, "घ्या माझी एक."

हे म्हणाले, "बघू."

आता हे म्हणजे केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. मी नोएडात एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्याकडे सकाळच्या मेलला संध्याकाळपर्यंत उत्तर गेलं नाही तर बॉस केबिनबाहेर येऊन उभा राहतो. यांच्या मंत्रालयात उत्तराची वाट बघता बघता माणूस रिटायर होतो. माणूस 'नाही' म्हणाला तर भांडता तरी येतं, 'बघू'शी कसं भांडणार? गणपती होऊ देत. पितृपक्षात नको. संसदेचं अधिवेशन संपू दे. एकदा तर म्हणाले, "प्रस्ताव विचाराधीन आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन मुकाट्याने पोळ्या लाटल्या, नाहीतर लाटणंच फेकलं असतं. इकडे डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगत होते की हे पोटाचं डायलिसिस आयुष्यभर पुरत नाही, आत्ता तब्येत बरी आहे तोवर ऑपरेशन करून टाका.

मग मला ती गाडी सुचली. नोकरीला लागल्यावर यांनी दिल्लीत तीन वर्षं संध्याकाळचे रशियन भाषेचे वर्ग केले होते. तेव्हा बऱ्याच तरुण कारकुनांना मॉस्कोच्या पोस्टिंगची स्वप्नं पडायची. पोस्टिंग दुसऱ्यालाच मिळालं, आणि पुढे तो देशच राहिला नाही. सायबेरियाच्या गाडीतून बैकल सरोवर बघायचं मात्र यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"अहो, ऑपरेशननंतर बरेच दिवस कुठे हलता यायचं नाही. आधी तुमची ती गाडी करून येऊ."

"आणि परत आल्यावर?"

"आल्यावर सही. घरी पाय ठेवायच्या आत मला हो की नाही ते हवंय."

"बघू," म्हणाले, पण त्याच संध्याकाळी नकाशा काढून बसले. परदेशी जायची सरकारी परवानगी तर स्वतः टेबलाटेबलावर फिरून नऊ दिवसांत आणली. म्हणजे फाइल हलवता येते, हे घरातच सिद्ध झालं. डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला, मग तपासण्या केल्या आणि एक लांबलचक यादी देऊन 'जा' म्हणाले. खालच्या भल्ला आंटींचं मत होतं की एवढीच हौस आहे तर वैष्णोदेवी करून या.

आठ दिवसांच्या बत्तीस पिशव्या, चार जास्तीच्या. सहा खोकी, वजन ऐंशी किलोच्या घरात. पत्र दाखवल्यावर विमान कंपनीने वजनाचे पैसे घेतले नाहीत, पण त्यासाठी आठवडाभर मेल लिहावे लागले. विमानतळावर तपासणीचा माणूस खोक्याकडे बघून म्हणाला, "मैडम, रूस में पानी नहीं मिलता क्या?" मी काही बोलणार तोच हे पुढे झाले. "यह पानी नहीं है. यह चिकित्सकीय द्रव है, जिसके संबंध में पत्र संलग्न है." तो माणूस ताठ उभा राहिला आणि खोकी पुढे सरकली. सरकारी हिंदीचा असा उपयोग मी पहिल्यांदा बघितला.

मॉस्कोत एक रात्र काढली. स्टेशनला जाताना दोन टॅक्स्या लागल्या, एक आम्हाला, एक खोक्यांना. इन्फेक्शनच्या भीतीने डब्यातला चार बर्थचा अख्खा कप्पा घेतला होता. तुम्ही धडधाकट असाल तर दोनच घ्या, सोबत चांगली मिळते म्हणतात. बर्थ आपल्यापेक्षा रुंद, चादरी कडक इस्त्रीच्या, आणि डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, चोवीस तास फुकट. रव्याचं कोरडं उपम्याचं मिश्रण घरून न्या, पाणी ओतलं की झालं. यांच्यासाठी बिनमिठाचं वेगळं नेलं होतं. त्याकडे बघून हे असा चेहरा करायचे की जणू मीच सायबेरिया आहे.

प्रत्येक डब्याला एक बाई असते. तिकीट, चादरी, चहा, साफसफाई, सगळं तीच बघते. आमची गालिना, पन्नाशीची, एक दात सोन्याचा, आवाज हवालदाराचा. तिला बघताच हे दोन्ही हात पसरून म्हणाले, "ज़्द्रास्त्वुइते, तवारिश!" म्हणजे नमस्कार, कॉम्रेड. ती हसत सुटली ती दाराला टेकली, आणि शेजारच्या डब्यातल्या बाईला बोलावून तिच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं.

"अहो, आता असं कुणी म्हणत नाही वाटतं."

"पुस्तकात होतं," हे म्हणाले. तेव्हापासून गालिना यांना तवारिशच म्हणायला लागली आणि यांची कॉलर ताठ झाली.

पहिल्या दिवशीचा प्रश्न घड्याळाचा. गाडी मॉस्कोच्या वेळेवर चालते, बाहेर सूर्य भलत्याच वेळी मावळतो, आणि इर्कुत्स्क मॉस्कोच्या पाच तास पुढे. पिशवी बदलायची कधी? यांनी निर्णय दिला, "पोट दिल्लीचं आहे, वेळ दिल्लीची." एवढा झटपट निर्णय मी यांच्याकडून जन्मात ऐकला नव्हता. वरच्या बर्थजवळच्या कोटाच्या हुकाला पिशवी टांगायची, दोघांनी मास्क लावायचे, दार बंद. गाडी वळली की पिशवी झुलायची आणि मी एक हात वर करून तिला धरून उभी.

दुसरा प्रश्न संडासाचा, आणि हे नीट लिहून ठेवा. मोठं स्टेशन आलं की गालिना बरंच आधी संडासाला कुलूप लावते आणि गाव मागे पडेपर्यंत उघडत नाही. पेर्मच्या आधी यांच्या पोटातलं पाणी काढून झालं, मी ती दोन लिटरची भरलेली पिशवी घेऊन बाहेर आले तर कुलूप! चाळीस मिनिटं मी कॉरिडॉरमध्ये पिशवी कवटाळून उभी. त्या पाण्याचा रंग, काय सांगू, अगदी हलक्या बिअरसारखा. पलीकडच्या कप्प्यातले एक गृहस्थ आले. माझ्याकडे बघून हसले, पिशवीकडे बघून हसले, आत गेले आणि ग्लास घेऊन आले. मी 'न्येत, न्येत' म्हणत अशी मान हलवली की चष्माच पडला. बिचारे हिरमुसून गेले. इर्कुत्स्कपर्यंत मला चिक्कू समजत होते.

फलाटांवर म्हाताऱ्या बायका खायला विकतात. शेपूची पानं घातलेले उकडलेले बटाटे, खारवलेल्या काकड्या, धुरावलेले मासे. सगळं ताजं, स्वस्त, आणि सगळं यांना बंद. बटाट्यात पोटॅशियम, काकडीत मीठ. येकातेरिनबुर्गला "पाय मोकळे करतो" म्हणून उतरले आणि दहा मिनिटांनी मला एका खांबाआड सापडले, मिशीला शेपू लागलेला.

"एकच खाल्ला गं."

"आणि हातात काय आहे?"

"हा तुझ्यासाठी."

मी तो तिथेच उभ्याने खाल्ला. खरं सांगू? इतका चांगला बटाटा मी पुन्हा खाल्ला नाही. पण त्यांना कशाला सांगा.

बाहेर दिवसभर बर्चची पांढरी खोडं, पिवळी पानं, पुन्हा बर्च. पहिले चार तास वेड लावतात, मग माणूस काहीतरी उद्योग शोधतो. हे मला रशियन शिकवायला लागले. सहावा पाठ भीतीचा होता. 'मी कुत्र्याला भितो. माझी बायको कुत्र्याला भीत नाही.' मी शाळेतल्या पोरीसारखी घोकत होते, "या बायूस, या बायूस." म्हणजे मी भितो, मला भीती वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओम्स्क मागे पडल्यावर, गालिना पिशवी घेऊन आली. थंड पाणी पोटात गेलं की यांना कळ यायची, म्हणून ती पिशवी आधी टॉवेलात गुंडाळून आपल्या खोलीतल्या हीटरजवळ ठेवायची. मी दिलेला मास्क लावून त्या दिवशी ती दारातच थांबली. मी समोरच्या बर्थवर अंडी सोलत होते. तिने काहीतरी विचारलं. यांनी पाठीवर हात ठेवून दाखवला, मग माझ्याकडे बोट केलं. "झेना," म्हणाले. बायको. बायको किडनी द्यायला तयार आहे, हे सांगत होते एवढं कळलं.

गालिनाने माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाचिमू?" म्हणजे मग का नाही घेतलीस?

यांनी तोंड उघडलं. मराठीत असते तर म्हणाले असते, अजून काही बाबींचा विचार व्हायचाय. हिंदीत म्हणाले असते, मामला विचाराधीन है. इंग्रजीत तर अख्खं पान लिहून दिलं असतं. पण यांचं रशियन म्हणजे तीनशे शब्द, गाय, मेज, कुत्रा, बायको. त्यात 'विचाराधीन' नव्हतं. हे शोधत राहिले. शोधता शोधता कान लाल झाले. मग खाली बघत म्हणाले, "या बायूस."

गालिनाने पिशवी बर्थवर ठेवली. मग चहाचे दोन ग्लास आणून ठेवले आणि दार लावून घेतलं.

"काय म्हणालात तिला?"

"काही नाही. औपचारिक बोलणं."

"अहो, सहावा पाठ झालाय माझा."

पोटातून पाणी निघत होतं, नळी लावलेली, त्यामुळे उठून जाता येईना. दीड वर्षात पहिल्यांदाच साहेबांना मीटिंग सोडता येत नव्हती.

"दोघांना एकाच दिवशी आत नेतात," हे शेवटी म्हणाले. "मी शुद्धीवर आलो आणि तू नाही आलीस तर? सांग ना. त्या किडनीचं मी काय करू?"

मला इतका राग आला! दीड वर्ष मला वाटत होतं, बायकोचं काही घ्यायला यांना कमीपणा वाटतो. त्या रागात मी किती रात्री पाठ करून झोपले होते. आणि हा माणूस मनात हे घेऊन बसला होता, आणि मला म्हणत होता, अधिवेशन संपू दे.

"आणि तुम्हीच नसलात तर?" मी म्हटलं. "दोन-दोन किडन्या घेऊन मी एकटी मयूर विहारात काय करू? लोणचं घालू?"

यांना हसू आलं आणि हसताना रडू आलं, आणि मास्कमुळे दोन्हींची पंचाईत झाली. मीही रडले. अंड्याला मीठ नव्हतं ते आयतंच लागलं.

"आता 'बघू' म्हणालात तर ही पिशवी डोक्यावर ओतीन."

'बघू' म्हणाले नाहीत. पण 'हो'ही म्हणाले नाहीत.

इर्कुत्स्कला उतरताना गालिनाने स्वतः खोकी उतरवली, आता दोनच उरली होती. तिथून लिस्तव्यांकाला छोट्या बसने सव्वा तास लागतो. एका आजीबाईंच्या घरी खोली मिळाली, स्वच्छ, भिंतीला हूक होता. यांनी आधी हूक बघितला, मग खिडकी.

सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ धूसर. हे वाकून बराच वेळ पाण्यात हात घालून बसले. मी म्हटलं, "गारठाल." म्हणाले, "केवढं पाणी गं!" मग हात पुसत उठले आणि विचारलं, "तो हॉस्पिटलचा कागद आणला असशीलच तू."

आणला होता, पासपोर्टच्या पाकिटात. सायबेरियातसुद्धा यांच्या खिशाला पेन होतंच.

"वळ जरा," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मी कागद घेऊन बघितला. सवयीने खाली पदनामही लिहिलं होतं. गारठ्यात कोटाच्या आत मला एकदम ऊब वाटली. आतापर्यंत भ्यायचं काम यांच्याकडे होतं. आता मलाही भ्यायला मोकळीक होती.

परतीचं विमान, मयूर विहार, तिसरा मजला. वाचक विचारतात, एवढं आजारी माणूस घेऊन जावं का? डॉक्टर हो म्हणत असतील तर जावं. वाटेतल्या हॉस्पिटलांचे पत्ते ठेवावेत, पिशव्या मोजूनच न्याव्यात. बैकलचे फोटो हलले आहेत. बर्च तर मला आता स्वप्नातसुद्धा नकोत. राहिलं ते एवढंच, की हा माणूस कशाला भितो ते मला ठाऊक होतं.

म्हणून ऑपरेशनच्या दिवशी मी सिस्टरला आधीच सांगून ठेवलं होतं. मला आधी आत नेणार होते, म्हणजे शुद्धही मलाच आधी येणार. आली. घसा कोरडा, कुशीत सुरी फिरल्यासारखं दुखत होतं. मी पुन्हा बजावलं, "सिस्टर, अंकल को होश आए तो सबसे पहले यही बोलना, आंटी उठ गयी है. बाकी सब बाद में." ती गेली. किडनी लागली की नाही हे तिथे एकाच गोष्टीवरून कळतं, लघवी होते की नाही. यांना कित्येक महिन्यांत धड झाली नव्हती. मी छताकडे बघत पडून राहिले. पंखा मोजला, ट्यूबलाइट मोजली, तरी सिस्टर येईना.

आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "आंटी, बोल दिया. अंकल बहुत रो रहे हैं. पर यूरिन फर्स्ट क्लास आ रहा है."

"आने दो," मी म्हटलं, "दोनों आने दो."