चाचांची पहिली मूठ

बियाण्यात हात गेला की चाचा बोलायचं थांबत. एरवी त्यांचं तोंड मिटलेलं मी कधी पाहिलं नाही. आता ते नाहीत, पण आळंदी रस्त्याच्या पलीकडचं आमचं रान ते वर्षानुवर्षं निम्म्या वाट्यानं करत. आम्ही विश्रांतवाडीचे, म्हणजे रविवारचे शेतकरी. "पुण्याची माणसं ढग मोबाइलात बघत्यात," असं ते तोंडावर सांगत आणि ते खरंच होतं.

पेरणीची सुरुवात त्यांच्याच हातची. बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा आणि बिस्मिल्ला म्हणून तिफणीत पहिली मूठ सोडायची, हे सगळं एकटे चाचा करत. यात काही विचित्र आहे, असं त्यांनाही कधी वाटलं नाही आणि आम्हालाही.

मग बैल गेले, ट्रॅक्टर आला. मळणी यंत्र आलं तसं खळं गेलं आणि खळ्यावर धान्य मागायला येणारी माणसंही येईनाशी झाली. अशात एका पावसाळ्यात चाचा हजला जाऊन आले. शेंदूर आता बंद, असं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. पण सुगीला आपल्या वाट्यातला दहावा हिस्सा पोत्यात भरून ते गरिबांच्या दारी स्वतः देऊ लागले. "खळ्यावर देत हुतो ती रीत हुती. आता वर जाब द्यायचाय," म्हणायचे. यंत्रानं मोडलेली रीत हजनं परत आणली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पुढच्या पेरणीला मात्र आई धास्तावली. "त्यांच्या हाताशिवाय पेरायचं कसं? आणि बोलावलं तर उगाच त्यांना पेचात टाकल्यासारखं." कुणालाही फटकन बोलणारी मी, पण माझीही जीभ रेटेना. फोनवर "चाचा, उद्या ट्रॅक्टर येतोय" एवढंच म्हणाले.

सकाळी ते दिसताच आईनं नारळ पदराखाली घेतला.

"वहिनी, लपवता कशाला? नारळच हाय, चोरीचा न्हाय. फोडा तुमी. दगडापुढं आता माझ्याच्यानं वाकवत न्हाई, पण बी माझ्याच हातचं पडंल."

आईनं नारळ फोडला. चाचांनी हात पसरून दुवा मागितली आणि ट्रॅक्टरमागच्या पेटीत पहिली मूठ सोडली. माझा जीव भांड्यात पडला. आईनं डोळ्यांना पदर लावला.

"भाऊजी, मला वाटलं, तुम्ही आता येणारच नाही."

चाचा मटकन बांधावर बसले. "पोरगी ट्रॅक्टर येतोय म्हणाली, तुमी या असं न्हाई म्हणाली. पहाटेच्या नमाजपास्नं दारात बसून हुतो, वहिनी. ट्रॅक्टरचा आवाज आला, आन् म्हटलं, न्हाई बोलावलं तरी जायाचं."