वामनरावांना युरोप दाखवताना

सहलीचे फोटो लोक एकदाच बघतात. किस्से मात्र दर चहाला नवे निघतात. आमच्या युरोपच्या सहलीला आता बरीच वर्षं झाली, तरी रायपूरला आमच्या ब्राह्मणपाऱ्यात चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "भैया, वो वामनरावजी वाला सुनाओ." मी ऐकवतो. सगळे हसतात. मीही हसतो, पण आतून अजून घाबरतो.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि जो तो पासपोर्ट काढत होता. आमचे शेजारी वामनराव सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. त्यांना विसर पडायला लागला होता. कधी चालू नळ विसरायचे, कधी घरचा रस्ता. कुसुमवहिनींनी हे फक्त मला आणि माझ्या बायकोला, शोभाला सांगितलं.

"भाऊजी, यायले समजून राहिलं तवापर्यंत दाखवून आणू. टूरवाल्याले मात्र सांगू नका, तो नेणार नाही."

"अन् तिकडं हरवले तं?" शोभानं विचारलं.

"तेच तं भेव आहे," वहिनी म्हणाल्या.

* * *

निघण्याआधी वहिनींनी रंगीत तालीम घेतली. जवळच्या अभनपूरला बाजाराच्या दिवशी वामनरावांना घेऊन गेल्या, गर्दीत हात सोडून बघायला. वामनराव भाजीवाल्यापाशी उभे राहिले ते हललेच नाहीत. वहिनी मात्र त्यांच्यावर नजर ठेवत मागे मागे सरकल्या आणि रस्ता चुकल्या. शेवटी भाजीवालाच ओरडला, "दीदी, भैया इधर है!"

घरी आल्यावर म्हणाल्या, "हे पास झाले. मीच फेल." आम्ही खूप हसलो.

* * *

पॅरिस. आयफेल टॉवरखाली सगळे माना वर करून बघत होते आणि वामनराव लिफ्टच्या रांगेपाशी दोन्ही हात पसरून उभे. कोणाला पुढे जाऊ देईनात.

"बिना हेल्मेट के कोई ऊपर नहीं जाएगा," ते एका गोऱ्या बाईला सांगत होते.

आमचा टूर मॅनेजर रोहित, पोट्टाच तो, धावत आला. "काका असं का करतायत?"

"फोरमन होते ना, जुनी खोड आहे," मी ठोकून दिलं.

वामनराव माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काहो, आज शिफ्ट कोणाची आहे?"

* * *

इटलीत एका भल्यामोठ्या चर्चमध्ये गेलो. देवाचं घर म्हटल्यावर आम्ही चौघांनीही सवयीनं दारात बूट काढले. आत डोळे दिपले. रोहितनं भलत्याच दारानं बाहेर काढलं आणि आम्ही चौघं मोजे घालून भर रस्त्यात! त्या चर्चला दारंच दारं. आमचं कोणतं, ते मला आठवेना, शोभालाही आठवेना.

"खांबावर सिंह बसला आहे, तिथं," वामनराव म्हणाले. बूट तिथंच होते.

वहिनी पायरीवर बसून बूट घालता घालता रडल्या. "पाहा, याद आहे यायले. काही झालं नाही यायले," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मलाही वाटलं, उगाच भितो आपण.

* * *

व्हेनिसमध्ये अरुंद गल्ल्या, पलीकडे पाणी. वहिनींनी त्यांचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली. बसमधली मंडळी चिडवायला लागली, "काय वहिनी, दुसरा हनिमून वाटतं!"

वहिनी लाजल्यासारखं हसल्या. शोभानं तेव्हा काढलेला फोटो आमच्याकडे आहे. मी तो कोणाला दाखवत नाही.

* * *

आता तो किस्सा. ल्युसर्नचा तलाव. धक्क्यावर बोटीच बोटी, माणसंच माणसं. वहिनींनी पर्स सावरायला क्षणभर हात सोडला, आणि शेजारी वामनराव नाहीत.

रोहितला सगळं सांगावं लागलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी पाण्याकडे बघत होतो. दुसरीकडे बघायची हिंमतच होत नव्हती.

"ती टोपी!" शोभा म्हणाली. लांबच्या एका बोटीवर चढायच्या फळीवर त्यांची माकडटोपी दिसत होती. बोटीचा दोर सुटत होता.

"अहो! अहो!" वहिनी ओरडल्या. मी वळलो. आमच्या बसमधले आणखी दोन नवरे वळले. वामनराव वळले नाहीत.

लग्न झाल्यापासून वहिनींनी, उखाणा सोडला तर, त्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. त्या दिवशी बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "वामन! थांब तिथंच!"

टोपी थांबली. वळली. वामनराव लगबगीनं फळीवरून उतरले, गर्दीतून वाट काढत आले आणि वहिनींच्या समोर मान खाली घालून उभे राहिले.

"आलो ना आई," म्हणाले. "रागावू नको."



"नाही रागावत," वहिनी म्हणाल्या. "हात धर."