रोस्विटा आणि उपटलेल्या वेली

रोस्विटा थीलन मोझेल नदीकाठच्या आपल्या गावी कायमची परतली, ती कुणालाही न कळवता. ऑस्ट्रेलियात एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या द्राक्षांची वाइन केली, नावही कमावलं. दर डिसेंबरात फोनवर बाबा विचारायचे, "यंदा येतेस ना कायमची?" ती म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." गेल्या डिसेंबरात मात्र त्यांनी काहीच विचारलं नाही. ते तिच्या जिवाला लागलं. जानेवारीत तिने राजीनामा दिला आणि ठरवलं, ईस्टरला एकदम दारात उभं राहायचं.

बस पुलावर आली तेव्हा तिची नजर सवयीने समोरच्या डोंगराकडे गेली. पणजोबांनी लावलेल्या रीसलिंग जातीच्या द्राक्षवेली जिथे एकेका खांबाला बांधलेल्या असायच्या, तिथे काहीच नव्हतं. शेजाऱ्यांच्या ओळी जागच्या जागी होत्या. थीलनांचा उतार तेवढा उघडा, नुसता काळ्या पाटीच्या दगडांचा.

बाबा, म्हातारे आलॉइस, स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. कुबडी टेबलाला टेकवलेली.

"तू? सुट्टी मिळाली वाटतं."

"सुट्टी नाही बाबा, कायमची आले. वेली कुठायत?"

सुरी थांबली. "काढल्या. फेब्रुवारीत."

शरद ऋतूत ते उतारावरून घसरले होते, खुबा मोडला होता. इतक्या खड्या चढावर राबायला कुणी तयार होईना, आणि सोडून दिलेल्या बागेतला रोग शेजाऱ्यांच्या वेलींना लागतो. म्हणून त्यांनी बाग उपटायला सांगितली.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर आली असतीस. धावत, मन मारून. तसं नको होतं मला."

"अहो, मी आपणहून येत होते!"

"मग तू का नाही बोललीस?"

रोस्विटाने समोरची खुर्ची ओढली आणि दुसरी सुरी घेऊन बटाटे सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाल्बुर्गामावशीने उरलेलं सांगितलं. "पाच दिवस वेली उपटणं चाललं होतं गं. तुझा बाप नदीकाठी खुर्ची टाकून बसायचा, डोंगराकडे पाठ करून. मी म्हटलं, आलॉइस, घरी चल, थंडी आहे. तर म्हणाला, बघवत नाही, आवाज तरी ऐकू दे."

सगळ्या वेली गेल्या नव्हत्या. वरच्या कोपऱ्यात, दगडी बांधामागे वेली ओढून काढणाऱ्या यंत्राची तार पोचली नव्हती. तिथे त्रेपन्न वेली उभ्या होत्या. उशीर झाला होता, तरी रोस्विटाने त्यांची छाटणी केली, काड्या वाकवून बांधल्या. बाबा खाली दुर्बीण लावून बसायचे आणि ओरडायचे, "डावीकडची काडी! डावीकडची! ऑस्ट्रेलियात डावं-उजवं नसतं का गं?"

"तुम्हीच या वर!"

"आलो असतो, पण तुला लाज वाटेल!"

तो उन्हाळा दोघांचा बरा गेला. बाबा स्वतः करायचे त्या वाइनबद्दल मात्र ती काहीच विचारत नव्हती. रस किती दिवस सालींवर ठेवता, आंबवणं कधी थांबवता, हे सगळं तोडणीच्या वेळी त्यांच्या तोंडूनच ऐकू, असं तिच्या मनात होतं.

सप्टेंबरच्या शेवटी बाबांना न्यूमोनिया झाला आणि ऑक्टोबरच्या सहा तारखेला ते गेले. आठ तारखेला दफन झालं. पिकलेली द्राक्षं थांबणार नव्हती. नऊ तारखेला रोस्विटा आणि वाल्बुर्गामावशी काळ्या कपड्यांतच डोंगरावर चढल्या. जेमतेम तीन क्रेट भरले.

रस एका काचेच्या बुधल्यात मावला. तळघरात थीलनांची मोठी लाकडी पिंपं रिकामी पडली होती, त्यांच्यामध्ये तो ठेवताना तिला रडू आवरेना. पुढचं सगळं तिने स्वतःच्या शिक्षणावर, अंदाजाने केलं.

वसंतात तिने दोन पेले भरले. वाल्बुर्गामावशीने घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला.

"खरं सांगू?"

"सांगा."

"सुंदर आहे गं. पण आलॉइसची नाही. त्याची प्यायली की जिभेवर शेवटी काहीतरी राहायचं. काय ते मला नाही सांगता येत."

रोस्विटाने मान हलवली. तिला ते माहीत होतं. लहानपणी तिने ते चाखलं होतं, आणि ते कसं करतात हे विचारायला आता कुणी नव्हतं. त्याच आठवड्यात त्रेपन्न वेलींच्या काड्यांपासून तयार केलेली रोपं तिने उघड्या उतारावर लावायला घेतली. दगडात पहार मारताना ती मोठ्याने बोलत होती, बाबांशी भांडत होती. खाली नदीकाठाने जाणारी माणसं तो आवाज ऐकून क्षणभर थांबत आणि वर न बघता पुढे जात.