हापशाचं उद्घाटन आणि लिंबाच्या झाडावरचा आवाज

माझ्या तोंडानं मला गोत्यात तसं पुष्कळदा आणलंय, पण लाउडस्पीकरवरून एकदाच. आता विषय निघालाच आहे तर ऐका. चहा निवेल, निवू द्या.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नव्या खुर्च्या आणि त्यातल्या एका खुर्चीवर अहमदपूरहून आलेला मी, हंगामी कारकून. हंगामी म्हणजे काय, तर साहेबांची मर्जी आहे तोवर खुर्ची आपली. त्या साली पाऊस फिरकलाच नव्हता. जिल्हा नवा, पण पाणी जुनंसुद्धा शिल्लक नव्हतं.

मी राहायचो गुरप्पा अप्पांच्या कापडदुकानाच्या माडीवर. अप्पा साठीचे. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती. पण गल्ल्यावर तेच बसायचे आणि गिऱ्हाइकाशी तासन् तास गप्पा मारायचे. या माणसाला व्यसन एकच, कॉमिक्स. हसू नका, खरंच सांगतो. नजर होती तेव्हा गिऱ्हाईक नसलं की गादीखालून कॉमिक काढून वाचायचे. नजर गेली आणि सगळी कॉमिक्स पत्र्याच्या पेटीत जाऊन पडली.

एक दिवस मला म्हणाले, "वाचून दाखवतोस का रे?"

त्यात काय अवघड? मी शाळेत धडा वाचतात तसा सुरू झालो. "थांब, दुष्टा. आ. धाडकन. वाचवा. खळ्ळ. संपलं अप्पा."

"संपलं? थांब म्हणालं कोण?"

"तो घोड्यावरचा वीर."

"कुणाला म्हणाला?"

"चोराला."

"मग धाडकन पडलं कोण?"

"कुणी न्हाई पडलं. दार मोडलं."

"अरे, मग ते सांगशील का न्हाई? मला तू नुसते बोलण्याचे फुगे वाचून दाखवून राहिलास. गोष्ट चित्रात हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी चित्रं वाचायला लागलो. आधी चौकट सांगायची, मग त्यात कोण कुठं उभं आहे, तोंड कसं केलंय, आणि मग बोलणं. सुरुवातीला जरा जास्तच झालं. "आकाश निळं. ढग पांढरे. एक ढग मोठा, त्याच्या बाजूला..."

"ढग राहू दे," अप्पा म्हणाले. "ढग इथं वर बी न्हाईत. चोर कुठं गेला ते बघ."

हळूहळू जमलं. मग अप्पांनी त्यांच्यासारख्याच नजर गेलेल्या दोस्तांना बोलावलं. दुपारी दुकानात गादीवर मैफलच भरायची. त्यांना 'चोर घाबरला' एवढं चालायचं नाही. घाबरला म्हणजे कसा? मी सांगायचो, "केस उभे, जीभ बाहेर, कपाळावरनं घामाचे थेंब चौकटीबाहेर उडून राहिलेत." मंडळी मांडीवर थापा मारून हसायची. एक जण म्हणाला, "सगळं दिसलं बघा."

हे ऐकल्यावर माणूस जमिनीवर राहील का? माझ्या डोक्यात हवा गेली. रस्त्यानं जाताना समोर जे दिसेल ते मनातल्या मनात चौकटीत बसवून सांगायची सवयच लागली.

अशात आमच्या गल्लीच्या टोकाला बोअर घेतला आणि त्याच्यावर हापसा बसवला. उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. सगळी व्यवस्था आमच्या साहेबांकडं. मांडवाला कापड अप्पांनी दिलेलं, म्हणून आम्हाला मान पहिल्या रांगेचा.

सुरुवातीला बायकांनी सतरंजीवर बसून स्वागतगीत म्हटलं आणि त्या उठून गेल्या. त्यांचा माइक मात्र अप्पांच्या पायाशी तसाच राहिला. अप्पा ठेचकाळतील म्हणून मीच तो उचलला आणि माझ्या खुर्चीला टेकवून ठेवला. बंद आहे का चालू, हे बघावं असं काही मला सुचलं नाही.

अप्पा वाकून म्हणाले, "काय चाललंय रे? आपल्या पद्धतीनं सांग की."

मी आवाज अगदी बारीक करून सुरू केलं. "पहिली चौकट. मधोमध हापसा, त्याच्या गळ्यात हार. उजवीकडनं पाहुणे येऊन राहिलेत. आधी पोट आलं. आता मागून पाहुणे आले."

मांडवात हशा पिकला. म्हटलं, मागं कुणीतरी विनोद केला असेल.

"दुसरी चौकट. पाहुण्यांनी दांडा धरला. दाबला. पाणी न्हाई. परत दाबला. न्हाई. आता दांड्याला लोंबकळून राहिलेत. तोंड टमाट्यासारखं झालंय, धोतर सुटायच्या बेतात हाय."

आता तर लोक खुर्च्यांवरून खाली यायच्या बेताला आले.

"लोक का हसून राहिलेत?" अप्पांनी विचारलं.

"कुणाला ठाऊक. सगळे आपल्याकडंच बघून राहिलेत. तुमचा पटका नवा हाय ना, म्हणून असेल."

"आन् तुझे साहेब?"

"तिसरी चौकट. पाहुण्यांच्या मागं आमचे साहेब. डोळे बटाट्याएवढे. तोंडावर बोट ठेवलंय. आता गळ्यावरनं हात फिरवला. तहान लागली असेल बिचाऱ्यांना. आता माझ्या पायाकडं बोट दाखवून राहिलेत. चपला तर दोन्ही माझ्याच हायत. आता कपाळाला हात लावून खालीच बसले."

अप्पा हसायचे थांबले. मान तिरकी करून म्हणाले, "अरे, तुझा आवाज मला दोन ठिकाणांहून येऊन राहिलाय. एक शेजारनं, आन् एक त्या लिंबाच्या झाडावरनं."

"झाडावर कर्णा बांधलाय, अप्पा," मी म्हणालो.

आणि झाडावरून माझ्याच आवाजात सगळ्या गल्लीला ऐकू आलं, "झाडावर कर्णा बांधलाय, अप्पा."

मी खाली वाकून बघितलं, तर खुर्चीला टेकवलेला माइक चालूच. तेवढ्यात हापसा खोकला, घुरघुरला आणि भसकन पाणी आलं ते थेट पाहुण्यांच्या धोतरावर. घागरी घेऊन बाया धावल्या, मांडव रिकामा झाला. त्या पाण्यानं मला त्या दिवशी वाचवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी घरून निघतानाच वळकटी बांधून ठेवली होती. साहेब म्हणाले, "पाहुणे खूश होऊन गेले. म्हणाले, माझ्या कार्यक्रमाला लोक एवढे हसतखेळत कधी बसत नाहीत. कर्ण्याचा आवाज त्यांना नीट ऐकू आला नाही, हे तुमचं नशीब."

मी सुस्कारा सोडला.

"पण आता औशाला हापशाचं उद्घाटन आहे," साहेब म्हणाले. "पाहुणे तेच. अप्पांना बसवा अगदी मागं. तुम्ही माइकच्या मशीनजवळ उभं राहायचं. गाणं संपलं की माइकचं बटण बंद. बाकी तोंडातून शब्द काढायचा नाही."

औशाला मी तेच केलं. गाणं संपलं, बटण दाबलं आणि कुणी धक्का लावू नये म्हणून वर हात ठेवून उभा राहिलो. पाहुणे भाषणाला उठले. मागचे लोक ओरडायला लागले, "आवाज, आवाज." मला वाटलं, मलाच दटावतायत, म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेतला. व्यासपीठावरून साहेब हातवारे करून राहिले होते. पण मागच्या वेळी त्यांच्या खुणांचा अर्थ लावून काय झालं ते मी पाहिलं होतं. मी सरळ मान खाली घातली.

पाहुणे पोटभर बोलले, त्यांनी हार घालून घेतले आणि ते गाडीत बसून निघूनही गेले. मी अप्पांना आणायला मागं गेलो.

अप्पा कंटाळून जांभई देत होते. म्हणाले, "काय रे, पाहुणे यायला लई उशीर करून राहिलेत."