अंजनीबाईंचे कान

दौलतराव जगदाळ्यांना आमच्या पक्षी बघणाऱ्या गटात कुणी काका म्हणत नसे. लहानथोर सगळे दौलतरावच म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर काढलेला माणूस. बुवापाड्यात दोन खोल्यांचं घर, आणि रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण. आम्ही दहा-बारा जण कधी चिखलोलीच्या धरणावर, कधी बदलापूर गावामागे नदीच्या काठानं, कधी बारवीच्या रस्त्याला फिरायचो. कुठेही गेलो तरी पक्षी आधी दिसायचा तो दौलतरावांना. आधी जागा दाखवायची, मग नाव, मग त्याच्या खोडी, असा त्यांचा क्रम ठरलेला. मध्ये कुणी बोललं तर ते थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

धाकट्या मुलीचं लग्न झाल्यावर बायको घरात एकटी पडते म्हणून ते अंजनीबाईंना बरोबर आणू लागले. बाईंचं माहेर चिपळूणकडचं. त्या पिशवी घेऊन यायच्या आणि वाटेत टाकळा नाहीतर कुर्डू खुडायच्या. दुर्बीण डोळ्याला लावली की घेरी येते म्हणून तिला हात लावायच्या नाहीत. वर्षभर त्या अशाच मागेमागे चालल्या. मग कधीतरी भाजी खुडता खुडता मान वर करून बोट दाखवायला लागल्या. बोटाच्या रेषेत पाहिलं की तिथे पक्षी असायचाच.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बारवीच्या रस्त्याला त्यांनी असंच बोट दाखवलं. पानांत काहीतरी बारीक वाजतंय, म्हणाल्या. आमच्या गटाची सगळी व्यवस्था बघणारी सोनिया कॅमेरा घेऊन धावली. उत्तरेतून थंडीत उतरणारा एक इवलासा वटवट्या होता तो. आमच्यापैकी कुणीच आधी पाहिलेला नव्हता, दौलतरावांनीसुद्धा नाही. सोनियानं तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘शोधला अंजनीकाकूंनी.’

पुढे काय झालं ते दौलतरावांनीच मला सांगितलं. मलंगगडाच्या पायथ्याशी आम्ही दोघं मागे राहिलो होतो तेव्हा. मी न विचारताच त्यांनी सांगितलं, आणि स्वतःला कुठेही झाकून घेतलं नाही.

ती ओळ त्यांनी त्या दिवशी किती वेळा उघडून वाचली, त्यांनाच माहीत नाही. बायकोचं कौतुक झालं म्हणून आनंद व्हायला हवा, हे त्यांना कळत होतं. पण आत काहीतरी करपत होतं. ज्या बाईला पक्ष्यांची चार नावं धड सांगता येत नाहीत, तिच्याभोवती लोक जमू लागले. सोनिया तर वाटेला लागल्याबरोबर विचारायची, काकू, काय ऐकू येतंय? दौलतराव मग पुढे पुढे चालायला लागले. बाईंचं बोट वर गेलं की त्यांना नेमका खोकला यायचा. घरी ते तिची परीक्षा घ्यायचे. पुस्तकातलं नाव झाकून चित्र पुढे करायचे, आणि तिला सांगता आलं नाही की त्यांना जेवण गोड लागायचं.

एका शनिवारी त्यांनी बाईंना सांगितलं की उद्याचं फिरणं रद्द झालंय. पहाटे त्या झोपेत असताना ते एकटेच निघाले. आम्ही चौकशी केली तेव्हा म्हणाले, तिचे गुडघे दुखतात. संध्याकाळी सोनियानं घरी फोन केला, काकूंचे गुडघे कसे आहेत म्हणून. दौलतराव समोरच बसले होते. बाईंनी फोन कानाला धरून नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि सांगितलं, बरे आहेत गं आता.

पावसाळ्यात बातमी आली की कोंडेश्वरच्या बाजूला एका ओढ्यावर तिबोटी खंड्या आलाय. मुठीत मावेल एवढा, नारिंगी-जांभळा पक्षी. दौलतराव त्याच्यामागे अकरा वर्षं होते. हा तरी आपल्या एकट्याचा, असं ठरवून ते कुणालाही न सांगता बदलापूरहून रिक्षानं गेले. लागोपाठ तीन दिवस सकाळी छत्री आडवी धरून ओढ्याकाठी बसले. पक्षी काही दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी वाडीवरच्या वेणूबाई खेकडे धरायला आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ या माणसाकडे पाहिलं आणि काय शोधता म्हणून विचारलं. दौलतरावांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं.

“बाबा, हा तं कवाचा वरडतोय,” वेणूबाई म्हणाल्या. “आता दोनदा तुमच्या डोईवरनं गेला, वरडतच गेला. तुमाला ऐकू नाय येत?”

दौलतरावांनी कान दिला. ओढा ऐकू येत होता. लांबचा भारद्वाज ऐकू येत होता. वेणूबाईंनी बोट वर करून सांगितलं, हा बघा, आता पुन्हा. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून जावयानं दिलेलं मनगटी घड्याळ काढलं. गजर वाजत नाही म्हणून ते दोन वर्षं पडून होतं. त्यांनी गजर लावला आणि घड्याळ कानाशी धरलं. काचेवरचे आकडे लुकलुकायला लागले, पण आवाज नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाईंची हाक आली, “अहो, बंद करा ना ते. कधीचं किणकिणतंय.”

ते घड्याळ हातात घेऊन दारात जाऊन उभे राहिले. “तुला कधीपासून ठाऊक आहे?”

बाई पोळी लाटायच्या थांबल्या नाहीत. “दोन वर्षं झाली. चिखलोलीला शिंजीर तुमच्या डोक्यावर ओरडत होता, आणि तुम्ही दुर्बीण पाण्यावर लावून बसला होता.”

“मग बोलली नाहीस?”

“बोट दाखवत होते ना. तुम्हालाच दाखवत होते. तुम्ही तोंड फिरवायचात, मग ती सोनिया बघायची.”

इथे माणूस विरघळला असेल असं मला वाटलं होतं. दौलतराव म्हणाले, तसं काही झालं नाही. उलट त्या दिवशी ते सगळ्यात जास्त जळले. आपल्याकडून कारखान्याच्या खडखडाटानं जे काढून घेतलं ते हिच्याकडे शाबूत होतं, आणि वर हिनं ते दोन वर्षं आपल्याला गुपचूप वाढलं होतं. हे उपकार त्यांना पचेनात. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

मग शुक्रवारी त्यांनी विचारलं, ओढ्यावर येतेस का. बाई पदर खोचून निघाल्या. काठावर बसल्यावर थोड्याच वेळात त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला धरून त्याला डावीकडे वळवलं. पाण्यावर आलेल्या एका मुळीवर तो बसला होता, चोचीत सरड्याचं पिल्लू धरून. दौलतरावांनी दुर्बीण लावली. त्या रंगांबद्दल त्यांनी मलंगगडाखालीही मला दोनदा पहिल्यापासून सांगितलं. बाईंना घेरी येते खरी, पण त्या दिवशी त्यांनी दुर्बिणीसाठी हात पुढे केला होता. तो हात दौलतरावांना दिसला होता.

“मुद्दामच दिली नाही,” दौलतराव मला म्हणाले. “तो उडेपर्यंत डोळ्यावरून काढली नाही. एक तरी पक्षी माझा एकट्याचा पाहिजे होता. ती म्हणाली, मला ऐकू आला, पुरे. आणि छत्री उघडली.”

नंतर बाईच त्यांना उल्हासनगरात कानाच्या मशीनवाल्याकडे घेऊन गेल्या. मशीननं पक्षी ऐकू येतात, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे, अशी त्यांची तक्रार आहे. पंधरा दिवसांनी दौलतरावांनी सोनियाला गुडघ्यांचं खरं काय ते सांगून टाकलं. सोनियाला ते आधीच कळलं होतं.

मागच्या महिन्यात सोनिया गाडी घेऊन दोन दिवस भिगवणला निघाली. गाडीत एकच जागा उरली होती. बाई नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही जा, पण दौलतरावांनी त्यांनाच पाठवलं. पाठवलं खरं, पण दोन दिवसांत फोन केले नऊ. दर वेळी एकच प्रश्न, नवीन काय दिसलं? शेवटच्या फोनला बाईंनी एका शिकारी पक्ष्याचं नाव घेतलं, या खेपेला अगदी बरोबर. तो दौलतरावांनी कधीच पाहिलेला नव्हता. त्यांनी तिला सावकाश ये म्हणून सांगितलं, फोन ठेवला, आणि चपला घालून भिगवणची दोन तिकिटं काढायला स्टेशनवर गेले.