रोवणीच्या गाण्याची बारा रूपं

आमच्या आरमोरीकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी करताना बाया गातात. वाकायचं, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं रोवायची, चिखलातून पाय उपसून एक पाऊल मागं घ्यायचं. पाय उपसताना गाणं थांबतं. आईचं गाणं असंच होतं, जेमतेम चार सुरांचं.

मी मात्र पियानो शिकलेला माणूस. बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे बोटं घरचीच होती. अक्कल तेवढी बाहेरून आणायची राहिली.

चंद्रपूरच्या एका सभागृहात मला एकट्याला पियानोवर बसवायचं ठरलं, तेव्हा मी आईच्या गाण्याची बारा रूपं रचली. एक धावतं, एक रडवेलं, एक नुसत्या डाव्या हाताचं, एकात दोन्ही हात एकमेकांवरून उड्या मारणारे. मूळ गाणं तेवढं वाजवलं नाही. चार सुरांत माझी विद्या कशी दिसणार? मधले थांबेही सुरांनी बुजवून टाकले. रिकामी जागा दिसली की माझ्या बोटांना खाज सुटते.

आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. "तुहाच गाना वाजवतो आज," असं तिला सांगून ठेवलं होतं.

टाळ्या झाल्या. जन्मात कधी रोवणीत वाकलो नाही, तेवढा त्या दिवशी मंचावर वाकलो. खाली आलो तर आई बसलेलीच.

"चाल ना आई."

"थांब ना गा. माहा गाना कवा येते?"

"तोच तर होता! बारा डाव वाजवलो!"

तिनं मंचावरच्या पियानोकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "तुनं पाय उपसाले जागाच नाई ठेवली, बाबू. बाया फसल्या असत्या चिखलात."

मी हसलो. तीही हसली, पण पदर नीट करत, दुसरीकडे बघत.

परतताना म्हणाली, "औंदा रोवणीले ये. बांधीत उभा राहून आयक, मंग वाजव." मी हो म्हणालो. रोवणीच्या दिवसांत मला बाहेरगावी कार्यक्रम मिळाला. तीच बारा रूपं वाजवायला गेलो. धान कापून झालं आणि आई गेली.

आता ते गाणं साधं वाजवायला बसतो. चारही सूर सापडतात, पण थांबा केवढा होता ते कळत नाही. माझ्या बाराही रूपांत धुंडाळलं. मीच बुजवलेलं मलाच कुठून मिळणार?

यंदा पँट दुमडून बांधीत उतरलो. तिसऱ्याच पावलाला बसकण मारली.

"भाऊ, पऱ्हे रोवून राह्यले का सोताले?" शेजारच्या बाई म्हणाल्या. सगळ्या खदखदून हसल्या.

मी त्यांना आईचं गाणं विचारलं. "तिचा तिलेच येये," त्या म्हणाल्या. "आमी नुसत्या मागून साथ देवो."

मग पाय उपसायला किती वेळ लागतो ते मनात मोजत राहिलो. माझा पाय फार रुततो. तिचा किती चटकन निघायचा, ते बघायला मी कधी गेलोच नव्हतो.