कापलेली मिनिटं

मला फुटबॉल आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेत पिस्कॅटवेला मास्टर्स संपलं, मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून खेळांची आकडेवारी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीचं काम घरून घेतलं. त्या वर्षी माझ्या वाट्याला कॅरिबियन बेटांची स्पर्धा आली. नकाशात टिंबाएवढी बेटं, पण प्रत्येकाचं वेगळं राष्ट्रगीत आणि वेगळी जर्सी. एका मैदानावर तर गोलच्या मागे थेट समुद्र होता. बॉल तिकडे गेला की सगळे कमरेवर हात ठेवून वाट बघत उभे राहायचे.

हे वाट बघणंच मला कापायचं असायचं. रेकॉर्डिंग बघून पास, फाऊल, थ्रो-इन टिपायचे आणि खेळ थांबलेला सगळा भाग काढून नुसता चालू खेळ प्रशिक्षकांना पाठवायचा. मूळ फाइल काही आठवडे ठेवायचा नियम होता. मी मात्र काम झालं की लगेच उडवायचे. जेवणं आटोपल्यावर ओटा पुसल्याशिवाय मला चैन पडत नाही, तसंच हे.

एका मॅचमध्ये एका गोलने पुढे असलेल्या संघाचा बचावपटू अचानक खाली बसला आणि आडवा झाला. त्याला कुणाचा धक्काही लागला नव्हता. शेवटची मिनिटं होती. "नाटकं बघा याची," असं मी मोठ्याने म्हटलं, तिथे एक काप मारला, रेकॉर्डिंग आठपट वेगाने सोडलं आणि भेंडी चिरायला घेतली. वर बघितलं तेव्हा स्ट्रेचर बाहेर चाललं होतं. बॉल पुन्हा फिरायला लागला तिथे दुसरा काप मारला, फाइल पाठवली, मूळ उडवली.

तो हॉस्पिटलच्या वाटेवरच गेला. हृदय बंद पडलं होतं. मला हे कळलं त्याच्या बहिणीच्या ईमेलमधून, जो कंपनीने निमूटपणे माझ्याकडे ढकलला. थेट दाखवलेला सामना तिकडे कुणी साठवलाच नव्हता, रेकॉर्डिंग फक्त आमच्याकडे होतं. ती स्वतः स्पर्धेला जाऊ शकली नव्हती, आणि मैदानावरचा प्रत्येक जण तिला वेगळंच सांगत होता. तिला तेवढी मिनिटं हवी होती.

मी अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये काम करणाऱ्या मित्राला गाठलं. त्याने दोन दिवस माझ्या लॅपटॉपशी झटापट केली आणि म्हणाला, "यार, तू परमनंट डिलीट केलंयस. नाही मिळणार." मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

शेवटी त्या बहिणीचा फोन आला. फाइल मीच उडवली, हे मी खरं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "पण तुम्ही पाहिलं असेल ना?"

माझे बाबा नागपूरला वारले तेव्हा मी इथे व्हिसाच्या कागदांत अडकले होते. शेवटी बाबांनी तुला हाक मारली, असं दादाने फोनवर सांगितलं होतं. त्या एका वाक्याच्या आधारावर मी दोन वर्षं काढली होती.

"त्याने हात वर केला होता," मी तिला म्हणाले. "घाबरलेला वाटला नाही."

ती रडली. कुठला हात, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उजवा.

अजून तेच काम करते. आता कुठलंच रेकॉर्डिंग पळवत नाही. पण कुणीही खाली पडला की तो उजवा हात वर आलेला मला दिसतो. मी तो कधीच पाहिला नव्हता, तरी त्याच्या मनगटाला बांधलेला पट्टासुद्धा दिसतो. भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आलेलं असताना दिसतो, आणि मला भीती वाटते.

एका रविवारी सकाळी मी दादाला फोन लावला. भाचीच्या परीक्षेचं झालं, आईच्या गुडघ्याचं झालं. मग विचारलं, बाबांनी हाक मारली तेव्हा नेमकं काय म्हणाले?

दादा म्हणाला, "तुझं नाव घेतलं गं. दोनदा."

बाबा मला माय म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. मी दादाला बरं म्हटलं.